विजेची चूल

भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाला निदान घरातला फ्यूज तरी बसवता येत असेल, असा लोकांचा समज असतो. आमच्या भिवंडीत तर तो अधिकच दृढ आहे. कारण येथे शाळेची पायरी न चढलेला माणूसही मागाच्या मोटारीचा आवाज ऐकून तिचे दुखणे सांगतो. मी मात्र तीस वर्षे विजेच्या उष्णतेचा नियम फळ्यावर सिद्ध करीत आलो आणि घरातला दिवा गेला की वायरमनला बोलावीत आलो. या सुखी अज्ञानाला गेल्या हिवाळ्यात तडा गेला, तो आमच्या चिरंजीवांमुळे.

चिरंजीव अमेरिकेत असतात. तेथे 1978 साली मध्यवर्ती सरकारने घरापुरती बिअर करण्यास मोकळीक दिली, आणि तेव्हापासून हा अनेक सभ्य गृहस्थांचा छंद होऊन बसला आहे. मुलानेही आपल्या गॅरेजमध्ये विजेवर चालणारी सामग्री उभारली आहे : तीन मोठी पातेली, एक पंप आणि ठरवलेले तापमान राखणारे एक नियंत्रक यंत्र. तिचे छायाचित्र त्याने मला पाठवले होते, आजीला नव्हे. 'भट्टी' हा शब्द आमच्या घरात उच्चारला जात नाही. माझे वडील मागावर कामाला होते. 1949 चा दारूबंदीचा कायदा पुस्तकात होता, आणि हातभट्टी गल्लीत होती. तिने आधी त्यांचा पगार गिळला, मग त्यांना. त्यानंतर आईने घरात द्राक्षासवाची बाटलीसुद्धा येऊ दिली नाही.

मुलगा आला तेव्हा आई नुकतीच दुखण्यातून उठली होती. अन्नावरची तिची वासना गेली होती. नाचणीच्या सत्त्वाची पेज तेवढी घशाखाली उतरे. ते सत्त्व ती अजूनही स्वतःच करी : नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवून, किंचित भाजून दळायची. तिचा नातू तिच्याजवळ मांडी घालून दोन दिवस हे पाहत बसला. रात्री तो मला म्हणाला, "बाबा, बिअरसाठी सातूचं करतात ते हेच."

मग त्याने मला, म्हणजे प्राध्यापकाला, शिकवले. धान्याला मोड फुटताना त्यात पिष्टाची साखर करणारी विकरे तयार होतात. त्यांना 62 ते 68 अंशांची ऊब मानवते. त्याहून फार चढली की ती मरतात. चुलीवरची पेज भराभर उकळते, म्हणून तिच्यातली साखर पुरती मोकळी होत नाही. तासभर तेवढीच ऊब राखली, तर पेज पातळ होते आणि आपोआप गोड लागते. येथे परवान्यावाचून बिअर करणे गुन्हा आहे, हे मी त्याला घाईघाईने बजावले. तो हसला. "निम्म्या वाटेपर्यंतच जायचं, बाबा. पुढचं किण्व घालायचंच नाही."

बाजारातून स्टीलचे पातेले, 2000 वॅटचा हीटर आणि नियंत्रक आला. हिशेब माझ्याकडे होता. 20 लिटर पाणी 28 अंशांवरून 67 अंशांवर न्यायला 27 मिनिटे, असे मी कागदावर काढले. प्रत्यक्षात 35 लागली. उरलेली 8 मिनिटांची ऊब स्वयंपाकघराच्या हवेत गेली होती. ज्या जूलचा नियम मी शिकवीत होतो, तो मद्य गाळणाऱ्यांच्या नव्हे, पण बिअर करणाऱ्यांच्या घरातला मुलगा होता, ही गोष्ट मी दरवर्षी विद्यार्थ्यांना गंमत म्हणून सांगत असे. त्या दिवशी प्रथमच ती मला गंमत वाटली नाही. थर्मामीटरचा एक अंश म्हणजे काय, हे त्या घराण्याला पोटापाण्यासाठी ठाऊक असले पाहिजे.

जोडणी माझी होती. शेजारच्या कारखान्यातला वायरमन सहज डोकावला, आणि त्याने काही न बोलता आधी बटण बंद केले. "सर, अर्थिंग कुठाय?" मी हिरवी तार अनावश्यक समजून कापून टाकली होती. पातेल्याला प्रवाह लागला असता आणि आई पळीने ढवळायला आली असती, तर? त्याने तार जोडली, गळता प्रवाह ओळखून वीज तोडणारे एक बटणही बसवले, आणि चहाखेरीज काही घेतले नाही. माझी पदवी त्या दिवशी मला फार हलकी वाटली.

पहिला प्रयोग फसला. सत्त्व हीटरला चिकटून करपले आणि घरभर वास सुटला. नातू नियंत्रकाचे आकडे पाहत राहिला. आई म्हणाली, "अरे, भांड्यात भांडं ठेव की!" तसे केले. बाहेर तापते पाणी, आत पेज. दर वीस मिनिटांनी आम्ही बशीत पेजेच्या थेंबावर आयोडिनचा थेंब टाकीत होतो. प्रथम काळानिळा रंग आला, मग जांभळट. तासाभराने आयोडिन तपकिरीच राहिले. पिष्ट संपले होते.

आईने वाटी तोंडाला लावली. "गूळ घातलास?"

"नाही, आजी."

तिने वाटी संपवली. पुष्कळ दिवसांनी तिने पुन्हा वाटी पुढे केली. मग पातेल्याकडे पाहत विचारले, "तिकडं या यंत्रात तू काय करतोस?"

मी मुलाकडे पाहिले. खोटे बोलावे, असे मला मनापासून वाटले. तो म्हणाला, "बिअर, आजी."

बाहेर मागांचा खडखडाट चालू होता. तो मला एरवी ऐकूही येत नाही. त्या क्षणी त्यावाचून दुसरे काही ऐकू येईना. बऱ्याच वेळाने आई म्हणाली, "किती करतोस, किती पितोस, ते मोजतोस का?"

"मोजतो."

"त्यांनी कधी मोजलं नाही," ती म्हणाली. एवढ्या वर्षांत वडिलांविषयी ती आपणहून बोलली, ती एवढेच.

मुलगा गेला, यंत्र राहिले. आता रोज सकाळी मीच पाणी भरतो आणि बटण लावण्यापूर्वी हिरवी तार पाहतो. आई खाटेवरून विचारते, "किती झालं?" मी आकडा सांगतो. 67 आला की ती समाधानाने डोळे मिटते.