कोंबडी खायला तयार आहे

माणसाचं आयुष्य कशानं बदलेल याचा नेम नाही. कुणाचं लॉटरीनं बदलतं, कुणाचं लग्नानं. माझं इंग्रजीतल्या ‘टू बी’ या दोन शब्दांनी बदललं. त्यांनी मला साताऱ्याच्या घरातून उचललं आणि सव्वाशे किलोमीटरवर सांगलीत नेऊन ठेवलं. आणि गंमत म्हणजे व्याकरणाच्या दृष्टीनं ते दोन्ही शब्द अगदी बरोबर होते.

आमचे अण्णा साताऱ्यातल्या एका शाळेत इंग्रजी शिकवत. घरात देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर तर्खडकरांची भाषांतर पाठमाला असे आणि हळदीकुंकवाचे डाग दोन्हीकडे सारखेच पडलेले असत. सातवीत असताना मी वहीत लिहिलं, ‘धिस सम इज ईझी टू बी डन.’ शब्द जितके जास्त तितकं इंग्रजी भारी, अशी माझी त्या वेळी समजूत होती. (बँकेत लागल्यावर कळलं, पुष्कळांची ती शेवटपर्यंत राहते.) अण्णांनी ‘बी’भोवती तांबड्या शाईचा गोल काढला आणि विचारलं,

“गणित करायला सोपं आहे म्हणतोस, की केलं जायला सोपं आहे म्हणतोस?”

“करायला.”

“मग साहेबही तसंच म्हणतो. ईझी टू डू! सोपं, अवघड, कठीण ही विशेषणं आली की पुढं ‘बी’ घालायचं नाही. गणित काय स्वतः उठून काही करणार आहे? ते बापडं केलं जाणार, हे सगळ्यांना ठाऊकच आहे.”

“मग ‘बी’ घालायचंच नाही का?”

“घालायचं की. मार खायला भितोस तेव्हा घाल. ‘अफ्रेड टू बी बीटन.’ तिथं ‘बी’ गाळलास तर तू मास्तरांना मारायला भितोस असा अर्थ होईल.”

हा फरक मला जन्मभर विसरता आला नाही, कारण उदाहरण अनुभवातलं होतं.

अण्णांचं सर्वांत आवडतं उदाहरण मात्र कोंबडीचं. ‘कोंबडी खायला तयार आहे.’ कोंबडीला दाणे टाकायचे, की कोंबडीला मसाला लावायचा? इंग्रजीतही ‘रेडी टू ईट’ म्हटलं की हाच घोळ. ‘रेडी टू बी ईटन’ म्हणा, की कोंबडीचं भवितव्य स्पष्ट होतं. आमच्या घरात कोंबडी फक्त व्याकरणातच शिजत असे, पण ती इतक्या वेळा शिजली की आईनं एकदा ताट वाढताना “आता पुरे त्या मेलीचं!” असं सांगून विषय बंद केला.

पुढं कॉलेजात एका प्राध्यापकांकडून कळलं, की नोम चॉम्स्की नावाच्या अमेरिकेतल्या मोठ्या विद्वानानं १९६० च्या दशकात असाच एक जॉन उभा केला होता. एक जॉन ‘ईगर टू प्लीज’, दुसरा ‘ईझी टू प्लीज’. दिसायला दोन्ही वाक्यं जुळी. पण पहिल्यात जॉन लोकांना खूश करायला धडपडतो आणि दुसऱ्यात लोक जॉनला चटकन खूश करू शकतात. मी धावत घरी येऊन हे सांगितलं. अण्णा म्हणाले, “म्हणजे आपली कोंबडीच. त्यानं तिला पँट घातली एवढंच.”

इंग्रजीतही सगळं सरळ आहे असं नाही. दोष कुणाचा असं विचारताना साहेब ‘हू इज टू ब्लेम’ म्हणतो. तिथं खरं तर ‘बी’ हवं, कारण दोष दिला जायचा असतो. पण जुन्या इंग्रजीत नुसत्या ‘टू’नंच ते काम भागत असे. तो जुना अवशेष अजून शिल्लक आहे, घर भाड्यानं देण्याच्या ‘टू लेट’ पाटीसारखाच. बँकेत ‘टू ब्लेम’ कोण, हे मात्र विचारावं लागत नाही. बाकी सगळ्यांना केबिन असते.

बी.कॉम. होऊन मी बँकेत चिकटलो आणि ‘टू बी’च्या महासागरातच पडलो. तिथं कुणीच काही करत नाही. सगळं ‘करण्यात येतं’. आपल्या व्याकरणात याला ‘नवीन कर्मणी’ असं छान नाव आहे. साहेबाच्या सहवासात आपल्याला ते लागलं, चहासारखं. सरकारचं तर त्याशिवाय पान हलत नाही. आता सांगली जिल्हाच घ्या. १९४९ साली तो ‘दक्षिण सातारा’ म्हणून निर्माण करण्यात आला आणि १९६० साली त्याचं नाव सांगली ठेवण्यात आलं. म्हणजे जिल्ह्याचीसुद्धा बदली होते, तिथं माझ्यासारख्या कारकुनाची काय कथा!

माझ्या बदलीचं असं झालं. बँकेनं एक परिपत्रक काढलं : जे कर्मचारी बदलीस तयार असतील त्यांनी तसं कळवावं. मला साताऱ्याच्याच दुसऱ्या, घराजवळच्या शाखेत जायचं होतं. मी अर्ज केला, ‘आय ॲम विलिंग टू बी ट्रान्सफर्ड.’ पुढं शाखेचं नाव लिहायचं, तेवढ्यात काउंटरवर गर्दी झाली आणि ते राहून गेलं. वाक्य निर्दोष होतं. ‘बी’ जिथं हवं तिथंच होतं. तीन आठवड्यांनी सांगलीची ऑर्डर आली. चौकशी केली तर उत्तर मिळालं, “तुम्हीच तयार आहात असं लिहून दिलंय.”

अण्णांनी अर्जाची प्रत चष्मा पुसून दोनदा वाचली. “व्याकरण बरोबर आहे,” ते म्हणाले. “पण ‘टू बी’ आलं की दोन प्रश्न विचारायचे असतात. कुणाकडून आणि कुठं? ते तू रिकामे सोडलेस. रिकाम्या जागा दुसरे भरतात.”

सांगलीत गेल्यावर त्याचा प्रत्यय काउंटरवर रोज येऊ लागला. एक हळदवाले शेतकरी फॉर्म घेऊन आले.

“सायेब, ह्यात ‘भरावयाची रक्कम’ लिव्हलंय. कुनी भरायची? म्या का तुमी?”

मराठीतलं ‘टू बी’ हे असं ‘भरावयाची’त लपून बसलेलं असतं. मी म्हटलं, “तुम्हीच, काका.”

“मंग तसं लिवा की! मला वाटलं, बँक भरतीया.”

पुढं आई गेली आणि अण्णा साताऱ्यात एकटे राहिले. दर शनिवारी सुटल्यावर मी एसटी पकडायचो, रविवारी रात्री परत. “सांगलीला चला” म्हटलं की ते म्हणत, “मी नेला जायला कठीण आहे,” आणि स्वतःच स्वतःला दुरुस्त करत, “न्यायला कठीण.”

मागच्या पावसाळ्यात ते न्हाणीघरात घसरून पडले. शेजाऱ्यांनी दवाखान्यात नेलं. मला निरोप मिळून मी पोचेपर्यंत चार तास गेले. त्या चार तासांत ‘बाय हूम’ या प्रश्नाचं उत्तर ‘शेजाऱ्यांकडून’ असं होतं, हे मला एसटीच्या खिडकीशी बसून नीट कळलं. नवव्या दिवशी डॉक्टरांनी केसपेपरवर ‘फिट टू बी डिस्चार्ज्ड’ असं लिहिलं. अण्णांनी कागद मागून घेतला, वाचला आणि मान डोलावली. “बरोबर लिहिलंय. ‘बी’ गाळलं असतं तर मलाच बाकीच्या पेशंटांना सोडत बसावं लागलं असतं.”

मी पिशवी भरत होतो. थोड्या वेळानं ते हळूच म्हणाले,

“आय ॲम रेडी टू बी टेकन.”

माझा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि नेहमीच्या वर्गातल्या आवाजात बजावलं, “असा काय बघतोस? पुढचं लिही लवकर. कुणाकडून, तर तुझ्याकडून. कुठं, तर सांगलीला. रिकामं ठेवलंस तर वरचं हेड ऑफिस भरून टाकेल.”

मी लिहिलं. हल्ली ते सांगलीत आमच्या गॅलरीत बसतात, भडंग खायला अवघड जातं म्हणून ते चहात भिजवतात आणि माझ्या मुलीच्या वहीत तांबडे गोल काढतात. काल तिनं जेवताना मला विचारलं, “बाबा, कोंबडी खायला तयार आहे, म्हणजे नक्की काय हो?”

बायकोनं आमटीचा डाव तसाच वर धरला आणि आईच्याच आवाजात म्हणाली, “आता पुरे त्या मेलीचं!”