मघा नक्षत्रातला 'गारवा'

ताडकळसला माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. याच जागेत आधी वडील रेडिओ आणि टेप दुरुस्त करायचे, पण दुरुस्तीपेक्षा जास्त गिऱ्हाईक यायचं ते कॅसेट भरून घ्यायला. वहीच्या कागदावर गाण्यांची यादी, सोबत साठची नाहीतर नव्वदची कोरी कॅसेट. दोन दिवसांनी भरून मिळायची. प्रल्हाद शिंदे यांच्या भक्तिगीतानंतर लगेच कुमार सानू, त्याला लागून एखादी लावणी. त्यामुळे गाणं आमच्याकडे सुटं यायचं आणि सुटंच ऐकलं जायचं. कोणतं गाणं कोणाच्या आधी आहे, कोणाच्या नंतर, आणि तसं ते का ठेवलं असेल, हा प्रश्नच कधी पडला नाही. आज मोबाइलवर तरी वेगळं काय चाललंय? अर्धं गाणं झालं की बोट पुढे सरकतं.

मला याचं मनापासून वाईट वाटतं. म्हणून २०२२च्या हिवाळ्यात आम्ही काही जणांनी ठरवलं, की अल्बमचा वाढदिवस धरून तो अख्खा ऐकायचा. पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, मधलं काही न वगळता. दुकानाचं शटर अर्धं ओढायचं, फोन काउंटरवर उलटे ठेवायचे, बोलायचं ते बाजू पालटताना.

सुरुवात 'थ्रिलर'ने झाली. नोव्हेंबर १९८२च्या अखेरची ती तबकडी, चाळीस वर्षं भरत होती. आमच्या शाळेच्या गॅदरिंगला मायकल जॅक्सनच्या गाण्यावर नाचलेली दोघं-तिघं त्या दिवशी बसली होती, त्यामुळे ऐकणं कमी आणि आठवणी जास्त झाल्या. मला त्या अल्बमची एक गोष्ट फार आवडते. पहिलं मिश्रण तयार झालं तेव्हा ते जॅक्सन आणि निर्माता क्विन्सी जोन्स दोघांनाही पटलं नाही. तबकडीच्या एका बाजूवर जास्त मिनिटं कोंबली की खाचा अरुंद होतात आणि आवाज बारीक पडतो. मग गाण्यांना कात्री लावली, एकेक गाणं नव्याने मिसळलं, आणि शेवटी नऊ गाणी राहिली. वर्धापनदिनाच्या आवृत्त्यांमध्ये मागे टाकलेली गाणी आता पुन्हा जोडून विकतात. अभ्यासकाला ती हवीत, हे कबूल. पण आमच्या बैठकीत ती लावायची नाहीत, यावर मी ठाम आहे. ज्यांनी अल्बम केला त्यांनी जे ठेवलं तेच ऐकायचं.

१ मार्च २०२३ला पिंक फ्लॉइडच्या 'द डार्क साइड ऑफ द मून'ला पन्नास वर्षं झाली. हा अल्बम हृदयाच्या ठोक्यांनी सुरू होतो आणि ठोक्यांवरच संपतो. मधे गाणी एकमेकांत अशी मिसळत जातात की थांबायला जागाच नाही. आमच्या भजनी मंडळात तबला वाजवणारे काका त्या रात्री सहज डोकावले आणि बसले. इंग्रजी शब्द कळत नव्हते. घड्याळांचा गजर एकदम सुरू झाला तेव्हा दचकून हसले. मग 'मनी' लागलं. गल्ल्याचा आवाज, नाण्यांची खणखण, कागद फाटल्याचा आवाज, असे सात तुकडे एका फितीच्या वेटोळ्यात जोडून ती चाल केली आहे. काकांची बोटं गुडघ्यावर चालू झाली आणि दुसऱ्या आवर्तनालाच ते म्हणाले, "अरे, हे तं सात मात्राचं हाय. रूपक धर." गिटारचा लांब तुकडा सुरू झाला तशी त्यांनी मान वर केली. "आता चारात आले. सोडली सात." अगदी बरोबर. गाणं सातात चालतं, सॅक्सोफोनही सातात वाजतो, गिटार मात्र चारात शिरते आणि नंतर पुन्हा सात येतात. एवढी वर्षं ते गाणं ऐकूनही ही गोष्ट मी बोटांवर कधी मोजली नव्हती. सुटं लावलं असतं तर काका त्या जागेपर्यंत थांबलेच नसते.

पण माझी खरी ओढ होती ती 'गारवा'ची. १९९८चा हा अल्बम. कविता सौमित्र यांच्या, म्हणजे किशोर कदम यांच्या. संगीत आणि गाणं मिलिंद इंगळे यांचं. आधी सौमित्र कविता म्हणतात, मग गाणं येतं. मराठी भावगीताला हे नवं होतं, आणि कॉलेजातल्या पोरापोरींनी गाण्यांइतक्याच त्या कविताही पाठ केल्या.

आमच्याकडे तो आणला माझ्या चुलतभावाने. आम्ही त्याला दादा म्हणतो. तेव्हा तो परभणीला कृषी विद्यापीठात शिकत होता, होस्टेलवर राहायचा. सुट्टीत आला तो ही कॅसेट शर्टाच्या खिशात घालून. मी वडिलांच्या डबल डेकवर तिची कॉपी काढली. कोरी कॅसेट मागायची हिंमत नव्हती, म्हणून मोडीतली एक घेतली. तिची फीत कधीतरी रोलरमध्ये अडकून चुरगळलेली, तेवढा भाग कापून चिकटपट्टीने सांधलेली. साहजिकच दोन्ही बाजू आखूड. पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं ऐन मधे खट्‌कन तुटायचं. मी ते तसंच वर्षानुवर्षं ऐकलं, आणि अजूनही त्या जागी कान आपोआप थांबतो.

२०२३ला 'गारवा'ची पंचविशी. कॅसेटवर छापलेलं असतं ते साल, दिवस नसतो. म्हणून दिवस आम्हीच धरला. आर्द्रा निघाल्या की पहिला चांगला पाऊस होईल, त्या संध्याकाळी बसायचं.

त्या वर्षी मोसमी पाऊस केरळातच ८ जूनला पोचला, आणि बिपरजॉय चक्रीवादळाने पुढची वाट आणखी अडवली. मृग कोरडा गेला. २५ जूनला मुंबई आणि दिल्लीत एकाच दिवशी पाऊस दाखल झाला. १९६१नंतर हे प्रथमच घडत होतं. आमच्याकडे पेरण्या लांबल्या, मग जुलैत सगळे शेतात गुंतले. गाणी ऐकायला कोणाला सवड? अधिक श्रावण सरला, निज श्रावण लागला, आणि आभाळ पार उघडलं. देशात त्या ऑगस्टइतका कोरडा ऑगस्ट १९०१पासून नोंदलेला नाही. सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी पाऊस. सोयाबीन फुलोऱ्यातून शेंगेत येत होतं आणि हलक्या रानात माना टाकत होतं. दुकानात येणारा प्रत्येक माणूस दिवस मोजत होता, कारण २१ दिवसांचा खंड पडला तर पीकविम्याची २५ टक्के आगाऊ रक्कम मिळण्याचा मार्ग खुला होत होता. पाऊस यावा असंही वाटायचं, आणि अठरा दिवस कोरडे गेल्यावर मधेच चार थेंब पडून खंड मोडला तर काय, अशीही धास्ती. हा पेच ज्याने भोगला त्यालाच कळेल.

अशा मघा नक्षत्रात मी सगळ्यांना बोलावलं. एक मित्र दारातच म्हणाला, "पाऊस पडंना अन् तू पावसाचे गाणे लावायलास?"

तबल्याचे काका आधीच येऊन बसले होते. म्हणाले, "लाव रे. ऐकल्यानं का पीक वाळतंय?"

दादाची मूळ कॅसेट माझ्या खणात होती. इतकी वर्षं पडून राहिलेली कॅसेट एकदम वाजवू नये. मी ती पूर्ण पुढे पळवली, पूर्ण मागे आणली, म्हणजे फितीचे थर एकमेकांना चिकटले असतील तर सुटतात. हेडवर तपकिरी भुकटी बसली होती, ती स्पिरिटच्या कापसाने पुसली, रबरी रोलरही पुसला. तरी आवाज गोधडीखालून आल्यासारखा दबका. मग हेडच्या बाजूचा बारीक स्क्रू कणभर फिरवला आणि आवाज खुलला. श्वाससुद्धा ऐकू यायला लागला. वडिलांनी शिकवलेली ही एवढी एक कारागिरी माझ्या हातात शिल्लक आहे, आणि त्या रात्री ती कामी आली याचा मला फार आनंद झाला.

पहिल्या कवितेलाच माझ्या भाच्याने मान वळवली. "मामा, हा फँड्रीतला बाप ना?" नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'तले कचरू माने म्हणून त्याने किशोर कदमांना पाहिलं होतं; हा माणूस कवी आहे हे त्याला नवीन होतं. नंतरच्या कविता त्याने मान खाली घालून, न हलता ऐकल्या.

आणि माझं म्हणाल तर, जी गोष्ट सतराव्या-अठराव्या वर्षी कानाआड गेली होती ती त्या रात्री समोर आली. 'गारवा' पावसाने सुरू होत नाही, उन्हाने सुरू होतो. दरवर्षी वाढलेली वाटणारी तलखी, त्यातच पाय ओढत चालत राहणं, हे बोलणं आधी आहे. ढग मागून येतात. कॉलेजच्या वयात मला ते ढग आणि त्यांच्याखालची मुलगी तेवढी ऐकू यायची, उन्हाच्या ओळी मी प्रस्तावनेसारख्या ओलांडायचो. बाहेर रात्री साडेआठलाही तापलेली जमीन आणि आत तो सावकाश बोलणारा आवाज. दुकानात कोणी हललं नाही. मराठवाड्यात पावसाची गाणी ऐकायची तर अशा वर्षी ऐकावीत, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं. पाऊस पडत असताना त्या गाण्यांची गरज कमी असते.

पहिली बाजू संपली. माझ्या कॉपीत तुटणारं गाणं इथे सबंध वाजलं. बाजू पालटतोय तोच दोघांचे फोन थरथरले. थ्री फेज आली होती. त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रपाळीची होती. मोटार चालू करून स्प्रिंकलरचे पाइप बदलायचे, नाहीतर उद्या लाईट येईपर्यंत बसा. लोक उठले, मीही उठलो. दुसरी बाजू तशीच सोडायची मनाची तयारी नव्हती, म्हणून अल्बम फोनवर घेतला, ब्लूटूथ स्पीकर पिशवीत टाकला आणि पालमच्या रस्त्याला त्या दोघांच्या रानात गेलो.

बांधावर बसून आम्ही ती ऐकली. स्प्रिंकलरचं चट्‌चट्‌चट्‌ गाण्याच्या लयीला कधी जुळायचं, बरंचदा नाही. पाइप बदलायला सगळे चिखलात उतरायचे तेव्हा मी गाणं थांबवायचो आणि ते परत आले की तिथूनच लावायचो. कोणी ओलं डोकं पुसत म्हणायचं, "कुठवर आलं?" मधे दादाचा फोन आला. तो पुण्याला असतो. त्याने आधी सोयाबीन विचारलं, मग कॅसेट अजून वाजते का ते.

सप्टेंबरात थोडा पाऊस झाला. हलक्या रानांना त्याचा काही उपयोग नव्हता, भारी रानं थोडी सावरली.

त्यानंतर पोरांनी 'गारवा' पेन ड्राइव्हवर मागायला सुरुवात केली, कवितांसकट. ट्रॅक्टरवरचा टेप फाइली नावाच्या क्रमाने वाजवतो, त्यामुळे कविता एकीकडे आणि तिचं गाणं भलतीकडे जायचं. आता मी प्रत्येक फाइलीच्या आधी ०१, ०२, ०३ असा नंबर घालून देतो, आणि पेन ड्राइव्ह हातात देण्याआधी दुकानातच पहिली दोन लावून बघतो.