सतीकांठाहून गोदावरीपर्यंत : एका मोटारप्रवासाचा बेत

मोटारीनें लांबचा निसर्गरम्य प्रवास करावयाचा असें ठरलें, कीं हल्लीं सुशिक्षित कुटुंबांत पहिलें नांव निघतें तें लडाखचें. मनालीहून लेहकडे जाणारा रस्ता टांगलांग ला या खिंडींत समुद्रसपाटीपासून 5,300 मीटरांहून अधिक उंच चढतो. डोंगरामागून डोंगर ओलांडल्यावर जें उघडें, वृक्षहीन, थंड वाळवंट दृष्टीस पडतें, त्याचा मोह कोणास होणार नाहीं? परंतु त्या रस्त्याचा धनी आहे उंची, व तिच्या संमतीवांचून तेथें पुढें सरकतां येत नाहीं. विरळ हवेची संवय व्हावी म्हणून वाटेंत मुक्काम करावे लागतात, आणि हिवाळ्यांत बर्फानें रस्ताच बंद होतो. ज्या घरांत सत्तरी ओलांडलेलीं वडील माणसें व दोन-तीन वर्षांचीं मुलें एकाच पंक्तीस बसतात, त्या घरानें सर्वांस घेऊन तेथें जाण्याचें धाडस सहसा करूं नये.

आम्ही राहणारे कुरखेड्याचे. कोणासहि मागें न ठेवतां जावयाचें, तर आपल्याच जिल्ह्यांतून जावें, असें आमच्या घरीं बऱ्याच खलानंतर ठरलें. येथें वाळवंट नाहीं; पण डोंगर आहेत, अरण्य आहे, आणि या रस्त्यांसहि एक धनी आहे. तो म्हणजे पाणी. कुरखेड्याजवळून वाहणाऱ्या सती नदीचें पाणी शेवटीं वैनगंगेस मिळतें. वैनगंगा चपराळ्याजवळ वर्धेस भेटून प्राणहिता होते. आणि प्राणहिता सिरोंच्यापाशीं गोदावरींत विलीन होते. जिकडे पाणी गेलें तिकडे आपणहि जावें, हेंच आमच्या बेताचें सूत्र होय. सिरोंच्यापर्यंतचें अंतर सुमारें 300 किलोमीटर. आलापल्लीहून भामरागडास जाऊन परतण्याचें सुमारें 130 निराळें. एखादा तरुण हें दोन दिवसांत तोडील. आम्हीं जाण्यासाठींच सहा दिवस धरले आहेत.

दिवस कोणते धरावे, हेंहि पाणीच सांगतें. पावसाळ्यांत पर्लकोटेच्या पुलावरून पाणी जाऊन भामरागडचा संपर्क तुटल्याचें वृत्त वर्षानुवर्षें येत आलें आहे. आणि चैत्र-वैशाखांतील ऊन वृद्धांस सोसणारें नव्हे. म्हणून कार्तिकापासून माघापर्यंतचाच काळ योग्य. महाशिवरात्रीस मार्कंड्याची जत्रा भरते. गर्दी नको असेल त्यानें ते दिवस टाळावे.

खरा वाद झाला तो पहिल्याच दिवसाच्या वाटेवरून. कुरखेड्याहून गडचिरोलीस जाण्याचे दोन मार्ग. एक भातशेतांच्या सपाटीनें आरमोरीवरून जातो. त्या बाजूस वैरागडचा किल्ला असून तेथील हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेख आईन-ए-अकबरींत आहे. दुसरा पुराडा, मालेवाडा, येरकड, धानोरा असा डोंगर-जंगलांतून जातो. घरांतील वडील माणसांस हा दुसरा मार्ग नको होता, व त्यांचें कारण क्षुल्लक नव्हतें. 2019 सालच्या महाराष्ट्रदिनीं, 1 मे रोजीं, माओवाद्यांनीं प्रथम दादापूर येथें याच रस्त्याच्या कामावरील वाहनें जाळलीं. आणि त्याच दिवशीं जांभूळखेड्याजवळ घडविलेल्या सुरुंगस्फोटांत 15 पोलीस जवान व त्यांचा वाहनचालक मृत्युमुखीं पडले. तो दिवस आमच्या गांवांतील कोणासहि विसरतां येणारा नाहीं. पुढें 2025 च्या ऑक्टोबरांत भूपती या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या ज्येष्ठ माओवादी नेत्यानें साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलींत शस्त्रें खालीं ठेविलीं, व काळ बराच पालटला. तरीहि ज्या वाटेवर इतकीं माणसें गेलीं, तिच्यावरून केवळ मौजेखातर जावें काय, असा प्रश्न आजींनीं विचारला. त्यावर उत्तर असें निघालें, कीं जो रस्ता व्हावा म्हणून एवढी किंमत पडली, तो भीतीनें ओस ठेवणें हें कांहीं त्या गेलेल्यांचें स्मरण नव्हे. त्या वाटेनेंच जावें. मात्र दिवसाउजेडीं जावें, आणि जांभूळखेड्यापाशीं क्षणभर थांबून मग पुढें निघावें. आजींनीं यास रुकार दिला.

या वाटेनें गेल्याचा दुसरा लाभ असा, कीं धानोऱ्याजवळ मेंढा-लेखा हें गोंडांचें छोटेंसें गांव लागतें. 2006 च्या वनहक्क कायद्यान्वयें 2009 सालीं या गांवास सुमारें 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तेथील ग्रामसभेंत निर्णय बहुमतानें होत नाहींत, सर्वसहमतीनें होतात. एकाचाहि विरोध असला तर चर्चा पुढें चालूच राहते. एका मोटारप्रवासाची वाट ठरवितांना आमची जी तारांबळ उडाली, ती पाहतां एक सबंध गांव हें कसें साधतें, तें मुलांनीं अवश्य ऐकावें. अर्थात् अगोदर विचारून जावें. आदिवासींचीं घरें हीं कोणासाठीं मांडलेलें प्रदर्शन नव्हे. अनुमतीवांचून अंगणांत शिरणें किंवा छायाचित्र घेणें हें आपल्या घरीं जितकें अशिष्ट, तितकेंच तेथेंहि.

दुसऱ्या दिवशीं चामोर्शीवरून मार्कंडा. तेथें वैनगंगा उत्तरवाहिनी झाली आहे व कांठावर शिल्पांनीं गजबजलेलीं प्राचीन देवालयें आहेत. पुढें चपराळ्याचा संगम पाहून रात्रीं आलापल्ली. आष्टी-आलापल्ली रस्त्यावर सुरजागडचें लोहखनिज नेणाऱ्या अवजड गाड्या फार, म्हणून हा टप्पा सायंकाळपूर्वींच संपवावा. तिसऱ्या दिवशीं आलापल्लीचें वनवैभव. 1953 पासून कुऱ्हाडीविना राखलेला हा वनखंड 2014 सालीं जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झाला. तेथून हेमलकसा. बाबा आमटे यांनीं 1973 सालीं आरंभिलेला व डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनीं वाढविलेला लोकबिरादरी प्रकल्प मुलांस कोणत्याहि पाठापेक्षां अधिक शिकवील. चौथ्या दिवशीं भामरागडास पर्लकोटा, पामुलगौतमी व इंद्रावती यांचा संगम पाहून परत आलापल्ली. पांचव्या दिवशीं कमलापूरचे पाळीव हत्ती पाहून सिरोंचा. सहाव्या दिवशीं मुलांसाठीं वडधमचे वृक्षांचे व डायनासोरांचे जीवाश्म, आणि आजींसाठीं प्राणहिता-गोदावरीचा संगम व पलीकडे तेलंगणांतील कालेश्वर, जेथें एकाच पीठावर दोन लिंगें आहेत.

सूर्यास्तानंतर जंगलांत गाडी चालवूं नये, हा नियम कोणासाठींहि मोडूं नये. 2021 च्या ऑक्टोबरांत छत्तीसगडांतून रानहत्तींचा कळप आला व आमच्याच कुरखेडा-धानोरा भागांत वावरूं लागला; वाघहि आहेतच. गडचिरोलीस आणि आलापल्लीस पेट्रोल भरून घ्यावें. पुढें दूरध्वनीचा भरंवसा धरूं नये. मुक्कामाचीं ठिकाणें निघण्यापूर्वींच निश्चित करून घरीं लिहून ठेवावीं. हिवतापाचा हा प्रदेश, तेव्हां प्रत्येकाची मच्छरदाणी स्वतंत्र असावी. दशम्या, मेतकूट, भाजणी व उकळलेलें पाणी बरोबर असलें, म्हणजे गृहिणीस चिंता उरत नाहीं.

दूरच्या वाचकांनीं गोंदिया-बल्लारशा मार्गावरील वडसा स्थानकावर उतरावें. तेथून कुरखेडा तासाभराच्या आंत गांठतां येतें, व मोटार भाड्यानें मिळते. पहिली रात्र सतीच्या कांठीं काढावी आणि सकाळीं नदीचें पाणी पाहून निघावें. सहा दिवसांनीं गोदावरींत हात घालतांना तें पाणी कोठून आलें, हें मुलें आपण होऊन सांगतील.