आजीचं पाखरू

नाईट शिफ्ट सुटली की मी घरी जात नाही. सायकल टेकडीकडं मारतो. केसात कापसाचे तंतू, कानात अजून गिरणीची घरघर. ती जायला अर्धा तास लागतो. मग पाखरं ऐकू येतात. आधी टिटवी, मग सातभाई.

हा नाद वाचनालयातल्या एका फाटक्या पुस्तकानं लावला. नावं पाठ करताना हसू आलं. धोबी, शिंपी, सुतार, कोतवाल. ब्राह्मणी घार, ब्राह्मणी मैना. म्हणजे आभाळातही गावगाडाच! नावं ठेवणारा गावातूनच वर बघत होता, तो दुसरं काय ठेवणार?

टेकडीवर एकदा दुर्बीणवाले साहेब भेटले. तारेवरचा नीलपंख त्यांनीच दाखवला, अगदी प्रेमानं. पाखरू उडालं आणि ते निळं बघून मी हरखलो. मग त्यांनी आडनाव विचारलं. सांगितलं. दुर्बीण त्यांच्या हातातून माझ्या हातात काही आली नाही.

घरी आजीला नावं वाचून दाखवत होतो. ती म्हणाली, "अन् गिधाड नाही का रे तुह्या पुस्तकात?"

आहे. पांढऱ्या पुठ्ठ्याचं गिधाड.

"मंग थे पाह्यलं का तू?"

नाही. सव्वीस वर्षांत बोरगावच्या आभाळात मी एकही पाहिलं नाही. आणि खरं सांगतो, आजवरच्या कवितांत मी नीलपंख घातला, गिधाड नाही घातलं. लाज वाटायची.

आजीनं सांगितलं. ढोर मेलं की तिच्या बापाला हाक यायची. ओढून गावाबाहेर न्यायचं, सोलायचं. वर गिधाडं घिरट्या घालायची. पोरं दगड मारून हटवायची, कारण भूक दोघांनाही. "आमी एका आंगानं, थे एका आंगानं." मेलेलं खाऊ नका, असं बाबासाहेबांनी १९२७ सालीच महाडला सांगितलं होतं. आजीच्या घरी ते पोचायला १९५६ उजाडलं. १४ ऑक्टोबरची दीक्षा घेऊन बाप नागपूरहून परतला आणि ढोर ओढायचा दोर त्यानं चुलीत घातला.

"तवापासून थे एकटे पडले," आजी म्हणते. तिचा हिशेब सरळ आहे. आम्ही सोडलं, ढोर सोलून देणारं कोणी राहिलं नाही, म्हणून गिधाडं मेली.

मी तिला समजावलं. ढोरांना दुखण्यावर डायक्लोफेनॅक देत. ढोर मेलं तरी औषध मांसात राही, ते खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होत. हे कारण २००४ साली कळलं, २००६ साली ढोरांसाठी त्या औषधावर बंदी आली. तोवर फार उशीर झाला होता. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत देशातली पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं हजाराला एक इतकीच उरली.

आजी ऐकत राहिली. मग म्हणाली, "अन् आमी खातच रायलो असतो तं?"

मी पुस्तक मिटलं.

दसऱ्याला लोक नीलकंठ पाहायला रानात निघतात, शुभ म्हणून. आम्ही नागपूरची गाडी धरतो. यंदा आजीला खिडकीजवळ बसवलं. सेलू रोड गेलं, सिंदी गेलं, ती आभाळाकडंच बघत होती. बुटीबोरीच्या अलीकडं उंचावर एक मोठं पाखरू फिरताना दिसलं. आजीनं माझा हात दाबला.

"थे काय?"

घार होती. शेपटीला खाच असते, लगेच ओळखू येते. मी सांगितलं.

"पाह्य नं नीट," आजी म्हणाली.