भार आणि भूमी

घरच्या शेडसाठी मोटारीची लिफ्ट घेऊ इच्छिणारा मनुष्य प्रथम 'किती टन उचलते?' असे विचारतो. परंतु आमच्या काष्टी गावी मोटारदुरुस्तीचा व्यवसाय करणाऱ्याने यंत्राआधी जमिनीची चौकशी करावी, असे माझे निश्चित मत आहे. घोड-भीमेच्या खोऱ्यातील ही काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते. दोन खांबांच्या लिफ्टमध्ये गाडीचा सारा भार खांबांपासून आत निघालेल्या बाहूंवर तोललेला असल्याने खांब गाडीकडे कलू पाहतो आणि पायाच्या पत्र्याचे मागचे बोल्ट काँक्रीटमधून उपसून निघू पाहतात. तेव्हा काळी माती मुरूम लागेपर्यंत काढून, मुरमाची भर धुमसाने ठोकून, वर सळईचे काँक्रीट घालण्याची तजवीज आधी झाली पाहिजे. नुसत्या शहाबादी फरशीचा येथे काही निभाव लागत नाही. चार खांबांची लिफ्ट जमिनीशी पुष्कळ सौम्यपणे वागते, हे खरे. मात्र तिच्यावर गाडी स्वतःच्या चाकांवर उभी राहते आणि ब्रेकचे काम करावयाचे तर वेगळा जॅक लागतोच.

येथल्या शनिवारच्या जनावरांच्या बाजारात खुरांना पत्री मारण्यासाठी बैलाला दोरांनी आडवा पाडतात. मोटारीला मात्र उचलल्यावाचून गत्यंतर नाही. 1795 साली जोसेफ ब्रामाने ज्या द्रवदाबयंत्राची सनद मिळविली, त्याच तत्त्वावर आजही हे उचलणे चालते. जनावरे वाहणाऱ्या पिकअपचा तळ शेणामुताने गंजलेला असतो. म्हणून बाहूची गादी नेमकी चासीखाली बसली की नाही, हे बॅटरीच्या उजेडात बोटाने चाचपून पाहावे, गाडी वीतभर उचलून तिला हलवून पाहावे आणि मगच पुढे चढवावी.

गाडी चढताना दोन्ही खांबांतील खटके 'खट् खट्' करीत बसतात. इष्ट उंचीवर येताच भार तेलावर न ठेवता त्या खटक्यांवर उतरवावयाचा आणि नंतरच खाली शिरावयाचे, यात तिळमात्र हयगय नको. आता खटके सोडविण्यास गाडी प्रथम किंचित वर घ्यावी लागते, आणि नेमकी त्याच वेळी वीज गेलेली असली तर गाडी वरच अडकून राहते. येथल्या विजेचा भरवसा ठाऊक असल्याने हातपंप जोडता येईल अशीच लिफ्ट मी ठरविली आहे, आणि खोदकामाला वैशाखातच, मातीत पाणी मुरण्यापूर्वी, हात घालणार आहे.