किल्लीचा रोबो, काडीचा त्रिकोण

जुन्या पत्र्याच्या रोबोच्या छातीवर हमखास तबकड्या असतात. काटे, आकडे, दिवे सगळं काही, पण रंगवलेलं. किल्ली दिली की तो किरकिरत चालतो, लाल खिडकीमागे ठिणग्या उडतात. काटे मात्र जागचे हलत नाहीत. भोपाळच्या अरेरा कॉलनीतल्या आमच्या परिचयाच्या एका मराठी घरात असा जपानी रोबो अजून शोकेसमध्ये आहे. ‘भेल’च्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या काकांना तो कुणी परदेशातून आणून दिला होता. घरातल्या मुलांनी तो पाहिला पुष्कळ, हाताळला क्वचितच. ‘बिघडेल हं’ एवढ्या धाकावर त्याचं उभं आयुष्य काचेआड गेलं.

या खेळण्यांचं मूळ मात्र शोकेसमधलं नाही, भंगारातलं आहे. १९४५ साली बेचिराख जपानात पत्राही मिळेना, तेव्हा ओत्सु शहरात कोसुगे मात्सुझो यांनी रिकामे डबे कापून छोट्या जीपगाड्या बनवल्या. त्या हातोहात खपल्या. धंदा सावरला आणि काही वर्षांतच जपानी कारखान्यांतून रोबो नि अग्निबाण बाहेर पडू लागले. १९५७ साली स्पुटनिक उडाल्यावर तर अंतराळाची लाटच आली. मोठं गिऱ्हाईक अमेरिकेतलं. या लाटेआधीच्या, सुरुवातीच्या खेळण्यांत एक होता ‘अ‍ॅटॉमिक रोबॉट मॅन’. त्याच्या खोक्यावर अणुस्फोटाचा ढग छापलेला होता! ज्यांच्यावर बाँब पडला, त्यांनी तो टाकणाऱ्यांच्या मुलांसाठी केलेलं हे खेळणं. तंत्रज्ञानाचं भय आणि भुरळ एकाच पत्र्यावर इतक्या निमूटपणे क्वचितच छापली गेली असतील.

तरी या रोबोंमधलं भविष्य तयार होऊनच येई. मुलानं किल्ली द्यायची आणि बाजूला बसून बघायचं.

काकांच्या याच अरेरा कॉलनीत वेगळ्या जातीची खेळणीही नांदली. १९८२ साली स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ संस्थेचं कार्यालय बरीच वर्षं इथं ई-७ मध्ये होतं. मुलांसाठीचं ‘चकमक’ मासिक तिनं १९८५ साली सुरू केलं. होशंगाबादच्या शाळांतल्या ज्या विज्ञान कार्यक्रमातून ही संस्था उभी राहिली, त्यात १९७८ साली पुण्याच्या टेल्कोतले अभियंता अरविंद गुप्ता रजा काढून दाखल झाले होते. त्यांच्या हाती आली सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब आणि आगपेटीच्या काड्या.

ट्यूबचा बोटाच्या पेराएवढा तुकडा घ्यायचा, दोन्ही टोकांतून एकेक काडी खुपसायची, झाला सांधा. चार काड्यांचा चौकोन दाबला की लगेच तिरपा होतो. तीन काड्यांचा त्रिकोण कितीही दाबा, आकार सोडत नाही. पूल, विजेचे मनोरे यांचं मर्म पोराच्या चिमटीत येतं, तेही काही पैशांत. मोडलं तर दुसरी काडी. पुढं गुप्तांनी हाच उद्योग पुण्याच्या ‘आयुका’त, जयंत नारळीकरांनी घडवलेल्या संस्थेत, बरीच वर्षं चालवला. कृष्णविवरांवर काम करणाऱ्यांच्या शेजारी काड्या आणि नळ्या! मला ती शेजारजोड मुळीच विजोड वाटत नाही. केरळातल्या थुंब्याच्या रॉकेट-तळावर रॉकेटचं टोक सायकलच्या कॅरिअरवरून नेतानाचं १९६६ सालचं छायाचित्र पुष्कळांनी पाहिलं आहे. आपल्या अंतराळाचा आरंभही सायकलीच्याच आधारानं झाला.

तरी काकांच्या रोबोला मी कमी लेखत नाही. कोसुगेंनी डबा कापला आणि गुप्तांनी ट्यूब, त्या वेळी दोघांची बुद्धी एकाच वाटेनं चालली होती. फरक पडला तो पुढे. रोबोत ती करामत कारखान्यापाशीच थांबली, काडीच्या खेळण्यात ती मुलापर्यंत पोचली. आज इथल्या दहा नंबर मार्केटमध्ये मिळणारे प्लॅस्टिकचे रोबो बोलतात, नाचतात. ते घेताना मी आधी त्यांची पाठ वळवून पाहतो, स्क्रू आहेत का म्हणून. दुकानदाराला वाटतं, गिऱ्हाईक बॅटरी शोधतंय. मला एवढंच बघायचं असतं, की नातवाला हे उघडता येईल का.