फिल्टर लागलेलाच राहिला होता

संपादकांनी ‘तुमच्या क्षेत्राबद्दल सोपं काहीतरी’ मागितलं. माझं काम म्हणजे स्क्रीनवर काय, कुठे आणि कधी दिसावं ते ठरवणं. लोकांना ती सजावट वाटते. ‘गुगलसारखी एक चौकट टाका, झालं,’ हा सल्ला मला वाशिममध्ये चहाच्या टपरीवरही फुकट मिळतो.

सर्चमध्ये माणूस अंदाजाने लिहितो. शब्द अर्धा, वेलांटी चुकलेली, तरी जवळपासचं काही सापडावं ही अपेक्षा. फिल्टरला अंदाज कळत नाही. नोंद आत, नाहीतर बाहेर.

महाभूलेखवर सातबारा पाहताना आधी जिल्हा, तालुका, गाव निवडावं लागतं. लोक वैतागतात; मी मात्र या क्रमाच्या बाजूचा. ४५ नंबरचा गट गावोगाव असतो, गावाशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. गावांचंही तेच. मालेगाव नाशिक जिल्ह्यात आहे तसं आमच्याकडेही आहे. कारंजा वर्धा जिल्ह्यातही आहे. नुसतं नाव टाकलं तर मोठं मालेगाव वर येणार, आमचं कुठेतरी तळाला. पण खातेदाराच्या नावाने शोधताना हीच शिस्त आडवी येते. जमीन थोडी रिसोडकडे, थोडी मानोऱ्याकडे असेल, तर तेच नाव गाव बदलून पुन्हा टाकत बसा.

आता माझा आवडता वाद. शोध बदलला तर आधीचा फिल्टर राहावा का? जूनमध्ये, पेरणीच्या ऐन गर्दीत, मी बियाण्यांच्या एका दुकानात उभा होतो. (तिथलं सॉफ्टवेअर माझं नाही, हे आधीच सांगतो.) काउंटरवरच्या पोराने आधीच्या गिऱ्हाइकासाठी ‘तूर’ निवडलेलं. पुढच्याने सोयाबीनचं जेएस ३३५ मागितलं. पोराने ३३५ टाकलं. ‘नोंद आढळली नाही.’

‘संपलं, भाऊ.’

मालक जेवून आला तेव्हा कळलं, गोदामात थप्पी लागलेली होती. तोवर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात. शिव्या पोराने खाल्ल्या. ‘तूर’ची ती बारीक खूण बाजूच्या मिटलेल्या पट्टीत होती, त्याला दिसणार कशी?

आमच्यातले बरेच जण म्हणतात, नवा शब्द आला की सगळे फिल्टर पुसा. मला हे साफ नामंजूर. तालुका, शाखा, भाषा हे टिकलेच पाहिजेत. रिसोडच्या माणसाला दर वेळी रिसोड निवडायला लावणं हा छळ आहे. पीक, वजन, किंमत हे त्या शोधापुरते. आणि जो लागू आहे तो चौकटीखाली नावानिशी दिसावा, काढायच्या फुलीसकट. शून्य आलं तर स्क्रीनने सांगावं: ‘तूरमध्ये नाही, सोयाबीनमध्ये १ आहे.’ त्यासाठी मोजणी दोनदा करावी लागते, फिल्टर धरून आणि फिल्टर सोडून. प्रोग्रामर इथे कुरकुरतात. एकाच वस्तूकडे अनेक बाजूंनी पोचता यावं, हा विचार एस. आर. रंगनाथन यांनी १९३३ च्या कोलन वर्गीकरणात ग्रंथालयांसाठी मांडला होता, तोही संगणकाशिवाय. पण हे कुरकुरणाऱ्याला सांगून उपयोग नसतो.

मालकाला मी हे सगळं कागदावर काढून दाखवलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ‘त्यापेक्षा तूरचं बटणच काढलं तर?’